सूर्यग्रहणाच्या छायाचित्रणासाठी घरी सौरफिल्टर कसा तयार करावा

खग्रास अवस्थेच्या अगदी लगतचे काही सेकंद सोडले, तर सूर्याचा थोडासा भाग जरी उघडा असला, तरी त्याचे छायाचित्र घेण्यासाठी कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे सौरफिल्टर असणे अनिवार्य आहे. तयार फिल्टर ठरावीक मापांचे असतात. मोठ्या टेलिफोटो लेन्ससाठी ते सहज मिळत नाहीत, आणि आटे फिरवून बसवायचा फिल्टर मिळाला तरी खग्रास अवस्था सुरू होण्याच्या ऐन क्षणी तो फिरवून काढण्यात मोलाचे सेकंद जातात. म्हणूनच सौरफिल्म आणून तिच्यासाठी आपल्या लेन्सच्या मापाची चौकट घरी बनवणे हा मार्ग अनेक जण पत्करतात, आणि तो उत्तम मार्ग आहे.

या लेखात मी सगळ्यात जास्त भर चौकटीवर देणार आहे. त्याचे कारण माझ्या पहिल्या फिल्टरमध्ये आहे. फिल्म चांगली होती आणि खंडग्रास अवस्थेची छायाचित्रे स्वच्छ आली. परंतु वाऱ्याने फिल्टर उडू नये म्हणून मी त्याची नळी लेन्सवर इतकी घट्ट बसवली होती, की खग्रास अवस्था सुरू होताच तो ओढून काढताना फोकसची रिंग फिरली. सूर्याच्या प्रभामंडलाची (खग्रास अवस्थेत चंद्राभोवती दिसणाऱ्या फिकट तेजोवलयाची) त्या दिवशीची माझी सर्व छायाचित्रे अस्पष्ट आली आणि ही बाब मला घरी परतल्यावर समजली. चांगला फिल्टर वाऱ्याने हलत नाही, परंतु एका हाताने सरळ ओढल्यावर लेन्सला धक्का न लावता निघतो. या दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत साधणे हेच यातील खरे काम आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. ‘घरगुती फिल्टर’ असे म्हणताना घरगुती असते ती केवळ चौकट. प्रकाश अडवणारी फिल्म मात्र सूर्यासाठीच तयार केलेली, ज्ञात उत्पादकाची आणि पाकिटावर प्रकाशीय घनता छापलेली असावी. तिला घरातला कोणताही पर्याय नाही.

१. धोका नेमका कशात आहे

बहिर्गोल भिंगाने कागद जाळण्याचा प्रयोग बहुतेकांनी पाहिलेला असतो. टेलिफोटो लेन्स हे तसेच, परंतु कितीतरी मोठे भिंग आहे. डीएसएलआर कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकातून (व्ह्यूफाइंडरमधून) फिल्टरशिवाय सूर्याकडे पाहिल्यास एकवटलेला प्रकाश थेट डोळ्यात जातो आणि दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते. दृष्टिपटलाला वेदनेची जाणीव नसते, त्यामुळे इजा होत असताना दुखत नाही. दृष्टीच्या मध्यभागी काळसर डाग दिसू लागतो तो काही तासांनी. मिररलेस कॅमेऱ्यात डोळा पडद्याकडे पाहत असतो, म्हणून डोळ्याचा धोका कमी होतो. परंतु छिद्राची पाती, शटरचा पडदा आणि सेन्सर भाजण्याची शक्यता राहतेच.

येथे नवख्यांची एक गंभीर चूक होते. ग्रहण पाहण्याचा चष्मा घालून फिल्टर नसलेल्या कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकातून पाहणे सुरक्षित आहे, असे त्यांना वाटते. तो चष्मा साध्या डोळ्यांनी सूर्य पाहण्यासाठी असतो, आणि आयएसओ १२३१२-२ हे त्याचे मानकही तेवढ्यापुरतेच आहे. लेन्सने एकवटलेला प्रकाश चष्म्याची फिल्म जाळून डोळ्यापर्यंत पोहोचू शकतो. याच कारणासाठी फिल्टर नेहमी लेन्सच्या पुढच्या तोंडावर बसवावा, म्हणजे प्रकाश एकवटण्याआधीच अडवला जाईल. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये किंवा दुर्बिणीच्या नेत्रिकेवर बसणारे फिल्टर उष्णतेने तडकतात. ते वापरू नयेत.

२. फिल्मची निवड

सौरफिल्मवर ‘ओडी’ किंवा ‘एनडी’ या अक्षरांपुढे एक आकडा असतो. हा आकडा प्रकाशीय घनतेचा, म्हणजेच दहाच्या घाताचा असतो. घनता ५ असलेली फिल्म सूर्यप्रकाशाचा एक लाखावा भाग पुढे जाऊ देते. छायाचित्रणाच्या भाषेत हे सुमारे साडेसोळा स्टॉप होतात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे). घनता ३.८ असलेली फिल्म सुमारे सहा हजार तीनशेवा भाग जाऊ देते, म्हणजे ती पहिलीपेक्षा जवळजवळ सोळा पट अधिक उजळ प्रतिमा देते. बाडर या उत्पादकाची ‘अ‍ॅस्ट्रोसोलर’ फिल्म या दोन्ही प्रकारांत मिळते. ३.८ ची फिल्म केवळ छायाचित्रणासाठी आहे, तिच्यातून डोळ्याने पाहणे वर्ज्य आहे. अर्थात ती लावलेल्या कॅमेऱ्याच्या प्रकाशीय दृश्यदर्शकाला डोळा लावणेही वर्ज्य आहे. पहिल्यांदा फिल्टर करणाऱ्याने ५ घनतेचीच फिल्म घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. सूर्य इतका तेजस्वी आहे की एवढे अडवूनही शटरचा वेग पुरेसा मिळतो, आणि चुकून कोणी डोळा लावला तरी अनर्थ होत नाही.

आकड्यांच्या बाबतीत एक सापळा फार फसवा आहे. छायाचित्रणासाठी मिळणाऱ्या साध्या एनडी फिल्टरांवर कधी घनता लिहिलेली असते, तर कधी प्रकाश कितव्या हिश्शावर येतो तो आकडा लिहिलेला असतो. ‘एनडी १०००’ हा दहा स्टॉपचा फिल्टर असतो आणि त्याची घनता अवघी ३ असते. पाचपेक्षा हजार मोठे, असा हिशेब करून तो सूर्याकडे रोखणारा माणूस सुरक्षित मर्यादेच्या शंभर पट प्रकाश आत घेत असतो. ५ घनतेचा फिल्टर दुसऱ्या पद्धतीने लिहिला तर ‘एनडी १०००००’ असा लिहावा लागतो. शिवाय धबधब्यांच्या छायाचित्रांसाठी बनवलेले अनेक एनडी फिल्टर दृश्य प्रकाश अडवतात, पण डोळ्यांना न दिसणारे, उष्णता देणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात आत सोडतात. प्रतिमा अंधारी दिसते म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि उष्णता मात्र आत पोहोचतच राहते.

अवरक्त किरणांचा हाच मुद्दा बाकीच्या जुगाडांनाही लागू होतो. क्ष-किरणाची फिल्म, वापरलेली रंगीत निगेटिव्ह, काजळी धरलेली काच, सीडी, एकावर एक ठेवलेले गॉगल, आडवे-उभे फिरवून अंधारे केलेले दोन पोलरायझर, खाद्यपदार्थांची चकचकीत वेष्टने, आपत्कालीन वापराची चंदेरी चादर यांपैकी कशातूनही सूर्य अंधुक दिसला, तरी ते सुरक्षित ठरत नाही. ‘मायलर’ या नावावरही विसंबू नये. ते एका प्रकारच्या पॉलिस्टर फिल्मचे नाव आहे, आणि त्यावर धातूचा थर किती जाड आहे यावरच सर्व अवलंबून असते. वेल्डिंगची १४ क्रमांकाची काच डोळ्याने पाहण्यास चालते. परंतु तिची प्रकाशीय प्रत लेन्सपुढे लावण्याजोगी नसते आणि सूर्य गडद हिरवा येतो.

रंगाचा प्रश्न केवळ आवडीचा आहे. धातूचा थर दिलेल्या चंदेरी फिल्ममधून सूर्य पांढरा किंवा किंचित निळसर दिसतो, तर काळ्या पॉलिमर फिल्ममधून नारिंगी दिसतो. सूर्यडागांचे बारकावे मला चंदेरी फिल्ममधून अधिक स्पष्ट मिळाले आहेत.

३. लागणारे साहित्य

- ५ घनतेची सौरफिल्म. ए४ आकाराच्या तुकड्यातून बहुतेक लेन्सचा एक फिल्टर होतो आणि लेन्स लहान असेल तर दोन होतात
- नळीसाठी वाकवता येईल असा काळा कार्डपेपर
- रिंगांसाठी न वाकणारा, सुमारे २ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा किंवा फोम बोर्ड
- दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, पांढरा गोंद आणि मास्किंग टेप
- काळ्या मखमलीच्या किंवा फेल्टच्या पातळ पट्ट्या
- कंपास, धातूची पट्टी, नवे पाते लावलेला कटर आणि चांगली कात्री
- सुती हातमोजे, टिश्यू पेपर आणि धूळ उडवण्याचा रबरी फुगा
- फिल्टर ठेवण्यासाठी झाकणाचा कडक डबा

कटरचे पाते खरोखर नवे असू द्या. बोथट पात्याने पुठ्ठ्याची कड फाटते आणि त्यातले तंतू पुढे फिल्मवर पडत राहतात.

४. माप घेणे

लेन्सवर छापलेला ७७ किंवा ८२ मिलिमीटरचा आकडा हा आट्यांचा व्यास आहे. लेन्सचा बाहेरचा व्यास त्याहून जास्त असतो. म्हणून कागदाची पट्टी लेन्सभोवती गुंडाळून प्रत्यक्ष परीघ मोजावा आणि त्याला ३.१४ ने भागून व्यास काढावा. पट्टीचा परीघ २७० मिलिमीटर भरला, तर व्यास ८६ मिलिमीटर होतो.

फिल्टर लेन्सच्या अंगावर बसवायचा की हूडवर (लेन्सच्या तोंडावर लावायच्या, आडवा प्रकाश अडवणाऱ्या कड्यावर), हे आत्ताच ठरवावे लागते. मी हूडवर बसवतो. हूड लेन्सच्या स्थिर भागावर अडकलेले असते, त्यामुळे फिल्टर ओढताना हात फोकसच्या रिंगच्या जवळपासही जात नाही. मात्र हूड स्वतः पक्के बसलेले असावे. ते सैल असेल तर मास्किंग टेपचे दोन तुकडे लावून लेन्सला जखडून टाकावे, अन्यथा फिल्टरबरोबर हूडही हातात येते. पाकळ्यांच्या आकाराच्या हूडमध्ये खाचा असतात. तेव्हा नळीची लांबी सर्वांत खोल खाचेच्या मागे किमान दोन सेंटिमीटर जाईल इतकी धरावी, नाहीतर त्या खाचांतून फिल्टर न झालेला प्रकाश आत शिरतो. ज्या झूम लेन्सची नळी पुढे सरकते, तिच्यावर फिल्टरच्या वजनाने झूम हळूहळू बदलतो. अशा लेन्सची झूमची रिंगही टेपने बांधून ठेवावी लागते.

५. नळी तयार करणे

हूडभोवती आधी साध्या पातळ कागदाचा एक वेढा घ्या आणि त्याचे टोक कागदालाच चिकटवा. हा कागद नंतर काढून टाकायचा आहे. नळी आणि हूड यांच्यामध्ये जेवढी फट हवी, तेवढी तो राखतो. त्यावर सहा सेंटिमीटर रुंदीच्या कार्डपेपरच्या पट्टीचे तीन ते चार वेढे घ्या, खोल खाचांच्या हूडसाठी रुंदी त्या हिशेबाने वाढवा, आणि पहिला वेढा सोडून प्रत्येक वेढ्याला गोंदाचा पातळ हात द्या. एका पट्टीत हे वेढे होत नाहीत. दुसरी पट्टी पहिलीच्या टोकाला टोक भिडवून लावावी, टोकावर टोक चढवू नये, म्हणजे नळी गोल राहते. वरून रबरबँड लावून ती रात्रभर वाळू द्यावी. घाई केल्यास ओला गोंद आत झिरपतो आणि नळी हूडलाच चिकटते.

वाळल्यावर नळी काढा आणि आतला पातळ कागदही काढून टाका. आता नळी हूडवर किंचित सैल बसेल. तशीच ती हवी आहे. आतल्या बाजूला समान अंतरावर तीन ठिकाणी मखमलीच्या बोटभर रुंद पट्ट्या उभ्या चिकटवा. मखमल दबते, त्यामुळे पकड येते. परंतु कागदावर कागद घासून जो अडखळता धक्का बसतो तो येत नाही. पकड योग्य आहे की नाही, हे पाहण्याची पद्धत सोपी आहे. नळी हूडवर बसवून लेन्स जमिनीच्या दिशेने धरा आणि हळूच हलवा. नळी गळून पडता कामा नये. मग दोन बोटांनी सरळ पुढे ओढा. ती एका संथ ओढीत निघाली पाहिजे. सैल वाटल्यास मखमलीखाली कागदाचा एक थर वाढवा, घट्ट वाटल्यास एक पट्टी अरुंद करा. या जुळवाजुळवीला अर्धा तास लागला तरी तो द्यावा.

६. फिल्म रिंगांमध्ये बसवणे

पुठ्ठ्याच्या सारख्या मापाच्या दोन रिंगा कापा. आतले वर्तुळ लेन्सच्या पुढच्या काचेपेक्षा थोडे मोठे असावे आणि बाहेरचे वर्तुळ नळीच्या बाहेरच्या व्यासापेक्षा सुमारे दोन सेंटिमीटर मोठे असावे. आतल्या कडा काळ्या मार्करने रंगवून घ्या, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्यावरून प्रकाश परावर्तित होणार नाही.

यापुढचे काम पंखा बंद करून, स्वच्छ टेबलावर आणि हातमोजे घालून करावे. टेबलावर टिश्यू पेपर पसरून त्यावर फिल्म सपाट ठेवा. एका रिंगेवर दुहेरी टेप सलग लावा. तुकडे लावल्यास दोन तुकड्यांच्या फटीतून फिल्म सुटते. आता फिल्म उचलून रिंगेवर ठेवण्याऐवजी टेपची बाजू खाली करून रिंग फिल्मवर ठेवायची आहे. या उलट क्रमाचे कारण असे की उचललेली फिल्म रिंगेवर ठेवताना आपण नकळत ती ताणतो. फिल्म जशी सपाट पडली आहे तशीच चिकटली, तर तिच्यात ताण राहत नाही. मग रिंगेच्या बाहेरची फिल्म कात्रीने कापा, रिंग उलटी करा आणि दुसरी रिंग तिच्यावर बसवून दोघींमध्ये फिल्म कायमची बंद करा.

फिल्मवर लहान सुरकुत्या दिसतील आणि त्या पाहून ती ताणून बसवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तसे करू नये. ही फिल्म इतकी पातळ असते की सुरकुतीमुळे प्रकाशकिरणांच्या मार्गात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. उलट ताणलेल्या फिल्ममध्ये प्रतिमा बिघडते आणि धातूच्या थराला सूक्ष्म भेगा जाण्याचा धोका उत्पन्न होतो. ढोलाच्या चामड्यासारखी ताठ फिल्म दिसायला नीटनेटकी असते, पण कामाला ती ढिल्या फिल्मपेक्षा वाईट.

७. जोडणी आणि ओढपट्ट्या

नळीच्या एका टोकाला रिंगांची जोडी गोंदाने चिकटवा. आतल्या सांध्यावर काळ्या कागदाची पट्टी फिरवून घ्या, म्हणजे कोपऱ्यातून प्रकाश येणार नाही. केवळ दुहेरी टेपवर हा सांधा सोडू नका. ग्रहण अडीच-तीन तास चालते, काळा कार्डपेपर तेवढा वेळ उन्हात तापतो आणि टेपचा चिकटपणा मऊ पडून सांधा सरकू लागतो. उन्हात ठेवून पाहिल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

नळीच्या मागच्या कडेला समोरासमोर दोन कापडी पट्ट्या चिकटवा. अंगठा आणि बोट यांच्यात त्या धरून फिल्टर सरळ पुढे ओढता येतो, त्यामुळे हात फिल्मला लागत नाही आणि ओढ तिरपी होत नाही. वारा असेल अशा ठिकाणी याच पट्ट्या मास्किंग टेपने लेन्सच्या अंगाला हलकेच चिकटवून ठेवाव्यात आणि खग्रास अवस्थेच्या पाच मिनिटे आधी टेप सोडवावी. कंकणाकृती किंवा खंडग्रास ग्रहणात फिल्टर शेवटपर्यंत काढायचा नसतो. तेथे टेप खुशाल घट्ट लावावी.

८. तपासणी

तपासणी दोनदा करायची असते, एकदा फिल्टर पूर्ण झाल्यावर आणि एकदा ग्रहणाच्या दिवशी सकाळी. अंधाऱ्या खोलीत फिल्टरच्या मागे प्रखर टॉर्च धरून फिल्मचा प्रत्येक भाग सावकाश पाहा. सुईच्या टोकाएवढा प्रकाशाचा ठिपका दिसला, ओरखडा चमकला किंवा घडीची रेष उजळ दिसली, तर ती फिल्म बाद समजावी आणि तुकड्यातील दुसरा भाग कापून नवी बसवावी. रिंगेच्या कडेनेही प्रकाश येत नाही ना, ते पाहावे. धूळ असेल तर रबरी फुग्याने उडवावी. कापडाने पुसू नये.

यानंतर बाहेर जाऊन सूर्याचे एक चाचणी छायाचित्र घ्यावे. ५ घनतेच्या फिल्मसाठी सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ १००, छिद्रमान एफ/८ आणि शटर १/४०० सेकंद हा आरंभबिंदू आहे. डोक्यावरच्या स्वच्छ आकाशातील सूर्य यावर साधारण योग्य उजळ दिसायला हवा. तो कितीतरी स्टॉप अधिक उजळ आला, तर फिल्म चुकीची आहे किंवा कुठून तरी प्रकाश शिरतो आहे. ३.८ घनतेच्या फिल्मसाठी याच स्थितीत सुमारे १/६४०० सेकंद लागतो. मात्र हे छायाचित्र योग्य आले म्हणून अनोळखी फिल्म सुरक्षित ठरत नाही, कारण अवरक्त किरणांविषयी त्यातून काहीच कळत नाही.

९. रंगीत तालीम

सेन्सरवर सूर्याची प्रतिमा किती मोठी पडेल, ते काढण्यासाठी लेन्सचे नाभीय अंतर १०९ ने भागावे. २०० मिलिमीटरच्या लेन्सवर ती १.८ मिलिमीटर, ४०० वर ३.७ आणि ६०० वर ५.५ मिलिमीटर भरते. पूर्ण फ्रेम सेन्सरची उंची २४ मिलिमीटर असते, त्यामुळे ६०० मिलिमीटर लेन्सवरही प्रभामंडल पसरायला चहूबाजूंनी जागा उरते. मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्यात सूर्य केवळ एक ठिपका येतो. मोबाईलवर प्रयत्न करायचाच असेल तर त्याच्या टेलिफोटो कॅमेऱ्यापुढे फिल्म धरावी.

सूर्य आकाशात दर दोन मिनिटांनी स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो. लांब लेन्समधून तो पहिल्यांदा शोधताना पाच-दहा मिनिटे सहज जातात, आणि फिल्टर लावल्यावर सूर्याखेरीज दुसरे काहीच दिसत नसल्याने दिशाही कळत नाही. त्यासाठी लेन्सची जमिनीवर पडणारी सावली पाहावी. सावली सर्वांत लहान आणि गोल झाली की लेन्स सूर्याकडे रोखलेली असते. ही युक्ती दृश्यदर्शकाला डोळा लावावा लागू नये म्हणूनही उपयोगी आहे.

फोकस हाताने करावा. मागच्या पडद्यावर प्रतिमा मोठी करून एखाद्या सूर्यडागावर, डाग नसल्यास सूर्याच्या कडेवर, फोकस साधावा आणि रिंगेला टेप लावावी. ऑटोफोकस बंद ठेवण्यास विसरू नये. पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र आकाराने जवळजवळ सूर्याएवढाच दिसतो. त्यामुळे चौकटीतील रचना, फोकस आणि ट्रायपॉडची स्थिरता यांचा सराव फिल्टरशिवाय, निर्धास्तपणे रात्री करता येतो.

त्यानंतर फिल्टर काढण्याचा आणि लावण्याचा सराव करावा. पडद्यावर फोकस पाहा, फिल्टर ओढा, पुन्हा लावा, आणि फोकस व चौकट जागेवर आहेत का ते पाहा. दहा वेळा केल्यावर एकदाही काही हलले नाही, तर चौकट जमली असे समजावे. हा सराव दिवसा करत असाल, तर लेन्स सूर्यापासून दूरच्या एखाद्या इमारतीकडे किंवा झाडाकडे वळवून करा.

१०. ग्रहणाच्या दिवशी

पंचांगातील स्पर्श (ग्रहणाचा आरंभ), संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष (ग्रहणाचा शेवट) या पाच वेळा तुमच्या नेमक्या ठिकाणासाठी लिहून घ्या. खग्रास अवस्था संमीलनाला सुरू होते आणि उन्मीलनाला संपते. हा काळ किती तोकडा असतो, ते दोन उदाहरणांवरून लक्षात येईल: २१ ऑगस्ट २०१७ च्या ग्रहणात तो जास्तीत जास्त २ मिनिटे ४० सेकंद होता आणि ८ एप्रिल २०२४ च्या ग्रहणात ४ मिनिटे २८ सेकंद. फिल्टर काढताना गेलेले पंधरा सेकंदही यातून वजा होतात.

स्पर्शापासून संमीलनाच्या अगदी आधीपर्यंत फिल्टर लावलेलाच राहील. कॅमेरा हस्तचलित पद्धतीवर, रॉ स्वरूपात आणि दिवसाच्या प्रकाशाच्या श्वेतसंतुलनावर ठेवा. दर पाच मिनिटांनी एक छायाचित्र घेतले तरी पुरते. चंद्रकोरीएवढा सूर्य उरला की शटर एक स्टॉप संथ करा, कारण सूर्याच्या कडेचा भाग मध्यापेक्षा कमी तेजस्वी असतो. सूर्य क्षितिजाजवळ असेल, तर याहूनही अधिक प्रकाश द्यावा लागेल. उन्हात लेन्स तापते आणि फोकस किंचित सरकतो. म्हणून संमीलनाच्या दहा मिनिटे आधी तो पुन्हा तपासा. ही पायरी मी कधीही गाळत नाही.

संमीलनाच्या काही सेकंद आधी, दृश्यदर्शकाला डोळा न लावता, ओढपट्ट्या धरून फिल्टर सरळ पुढे काढा आणि गळ्यातल्या पिशवीत टाका. जमिनीवर ठेवू नका. अंधारात त्यावर पाय पडतो. हिऱ्याची अंगठी (सूर्याचा शेवटचा तेजस्वी बिंदू आणि चंद्राभोवतीचे वलय) आणि चंद्राच्या कडेवरील दऱ्यांतून चमकणारे बेलीचे मणी याच क्षणांत मिळतात. कंकणाकृती ग्रहणात मात्र असा क्षण येत नाही: सूर्याचे वलय कितीही बारीक असले तरी फिल्टर लागतोच.

खग्रास अवस्थेत प्रभामंडलाचे एकूण तेज पौर्णिमेच्या चंद्राएवढेच असते, म्हणून फिल्टर ठेवल्यास छायाचित्र काळेच येते. प्रभामंडलाचे पहिले यशस्वी छायाचित्र बर्कोव्स्की यांनी २८ जुलै १८५१ रोजी क्योनिग्सबर्ग येथे डॅगेरोटाइप या छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या पद्धतीने घेतले, तेव्हा त्यांनी ८४ सेकंद प्रकाश दिला होता. आजच्या सेन्सरला आयएसओ १०० व एफ/८ वर सूर्यज्वालांसाठी १/८०० सेकंद, आतल्या प्रभामंडलासाठी १/२०० ते १/५० आणि बाहेरच्या फिकट भागासाठी त्याहून बराच अधिक काळ लागतो. कोणतेही एक छायाचित्र सर्व भाग टिपू शकत नाही, त्यामुळे वेगवेगळ्या वेगांची मालिका आधीच ठरवून ठेवावी. स्थिर ट्रायपॉडवर ५०० मिलिमीटर लेन्समधून एका सेकंदात प्रतिमा सेन्सरवर सुमारे ०.०३६ मिलिमीटर सरकते आणि ते अस्पष्टपणे दिसते. म्हणून संथ शटरऐवजी आयएसओ वाढवून १/४ सेकंदाच्या आत राहणे बरे.

उन्मीलनाच्या वेळी चंद्राच्या कडेवर प्रकाशाचा पहिला मणी चमकला की एक-दोन छायाचित्रे घेऊन फिल्टर तत्काळ परत बसवा. उत्साहाच्या भरात हेच राहून जाते. पाहणारा साध्या डोळ्यांनी पडद्याबाहेर बघत असतो, कॅमेरा उघडाच असतो आणि सूर्य क्षणोक्षणी वाढत जातो. सोबत कोणी असेल, तर “फिल्टर” असे मोठ्याने म्हणण्याचे काम त्याच्यावर सोपवा. एकटे असाल, तर मोबाईलवर उन्मीलनाच्या पाच सेकंद आधीचा गजर लावा.

११. नंतर जपून ठेवणे

फिल्टर थंड होऊ द्या आणि फिल्मला काहीही टेकणार नाही अशा रीतीने कडक डब्यात आडवा ठेवा. फिल्मवर टिश्यू पेपर दाबून ठेवू नका. प्रवासात तो घासला जातो. उरलेली फिल्म घडी न घालता, दोन कार्डपेपरच्या मध्ये सपाट ठेवावी. फिल्मची घनता, उत्पादकाचे नाव आणि शेवटच्या तपासणीची तारीख डब्याच्या झाकणावर लिहा, कारण वर्षा-दोन वर्षांनी हातात आलेल्या दोन सारख्या चंदेरी चकत्यांपैकी ३.८ ची कोणती आणि ५ ची कोणती, हे नुसते पाहून ओळखता येत नाही.